रोस्टर इतकं सुबक लावू नका

मला आलेलं एक पत्र असं आहे:

"मेट्रन मॅडम, सादर नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) आहे. आमच्या अधिसेविका (मेट्रन) निवृत्त झाल्या, पद भरलं नाही, चार्ज माझ्याकडे आला. अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्सची) मंजूर पदं ३६, भरलेली २२. त्यातल्या दोघी प्रतिनियुक्तीवर, एक बाळंतपणाच्या रजेवर. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) सहा कंत्राटी मुली आहेत म्हणून चाललंय. आता तोंडी निरोप आलाय की बजेट नसल्यामुळे एप्रिलपासून त्यातल्या चार पदांना मंजुरी मिळणार नाही. अधीक्षक साहेब म्हणतात, 'आहे त्यात भागवा. तुम्ही भागवताच की.' पाच सीनिअर सिस्टरना नाईट माफ आहे. त्यातल्या एकीच्या ड्युटीला हात लावला की पुढाऱ्याचा फोन येतो. कंत्राटी मुलींना महिन्याला चौदा-चौदा नाईट पडतात. एकीचं बाळ अकरा महिन्यांचं आहे, परवा पाळी संपताना ओव्हर देता देता ती रडायला लागली. सगळ्यांचे मिळून पेंडिंग ऑफ (न मिळालेल्या सुट्ट्या) १४० झालेत. मी स्वतः दिवाळीपासून एकही रजा घेतलेली नाही. मॅडम, एकवीस जणींत ड्युटीचं रोस्टर कसं बसवू ते सांगा. आणि मला 'नाही' म्हणता येतं का?"

प्रिय सिस्टर,

"तुम्ही भागवताच की." तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. साहेबांना वाटतंय ते तुमचं कौतुक आहे. कदाचित तुम्हालाही थोडं तसंच वाटत असेल. मलाही वाटायचं. रोस्टर लावण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही, असा माझा समज होता. खोडरबर आणि पेन्सिल घेऊन मी रविवारी दुपारी बसायचे आणि नसलेल्या माणसांतून वॉर्ड भरून दाखवायचे.

एका रात्री पुरुष मेडिकल वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटची शुगर उतरली. पहाटे पाचला लक्षात आलं. तो वाचला नाही. चौकशी लागली, रोस्टर मागवलं गेलं. रोस्टरवर त्या वॉर्डाला दोन सिस्टर होत्या. प्रत्यक्षात दुसरीला मी रात्री दहाला फोन करून कॅज्युअल्टीला पाठवलं होतं, कारण तिथली आलीच नव्हती. कागदावर तो बदल मी केला नव्हता. सकाळी करू म्हटलं, आणि सकाळी दुसरंच काहीतरी निघालं. कारणे दाखवा नोटीस आली ती वॉर्डातल्या एकटीला. पन्नासच्या वर पेशंट सांभाळत होती ती पोरगी. चौकशीत मी खरं ते सांगितलं, पण तोवर तिचे सहा महिने गेले होते. रोस्टर नीटनेटकं दिसावं म्हणून मी जे झाकत आले होते, ते तिच्या अंगावर पडलं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: एकवीस जणींत हे रोस्टर बसत नाही. कुणी म्हणालं बसतं, तर तुम्ही रजा, ऑफ आणि झोप यांतून उसनं घेणार आहात हे त्याने गृहीत धरलेलं असतं. पण "स्टाफ कमी आहे" एवढं म्हणून भागत नाही. ते वाक्य साहेबांनी, सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक) साहेबांनी, मंत्रालयाने इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा पंख्याच्या आवाजासारखा आवाज झालाय. किती कमी, कुठे कमी, आणि ती कमतरता भरायला किती रुपये लागतात, हे एका पानावर मांडता आलं पाहिजे. चला, मांडू.

एक जागा चोवीस तास, वर्षभर भरलेली ठेवायची, तिला मी खुर्ची म्हणते, जरी बसायला मिळत नसलं तरी. तीन पाळ्या गुणिले ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या. आता एका सिस्टरकडून वर्षात किती पाळ्या मिळतात? ३६५ मधून ५२ आठवडी सुट्ट्या गेल्या, ८ किरकोळ रजा गेल्या, ३० अर्जित रजा गेल्या. उरले २७५. आजारपण, ट्रेनिंग, कोर्टाची साक्ष, तपासणीची तयारी यांत पंधरा दिवस धरा. राहिले २६०. तेव्हा १,०९५ भागिले २६०, म्हणजे ४.२. एक खुर्ची भरायला सव्वाचार माणसं लागतात. रात्रीची पाळी आठ ते आठ असेल आणि तुम्ही नाईट ऑफ इमानाने देत असाल तर आकडा आणखी वर सरकतो, पण आपण ४.२ च धरू, म्हणजे कुणी फुगवून सांगितलं असं म्हणायला नको. पदं ठरवताना ३० टक्के रजा राखीव धरायची म्हणतात ती याच कारणासाठी. आपल्याकडे ती राखीव माणसं पहिल्या दिवसापासून वॉर्डात उभी असतात आणि रजा तेवढी राखीव राहते.

आता तुमचं रुग्णालय. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही वॉर्डांची नावं लिहून पाठवलीत हे बरं केलंत. लेबर रूम, पीएनसी (बाळंतिणींचा वॉर्ड), एनबीएसयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष), पुरुष वॉर्ड, स्त्री वॉर्ड, कॅज्युअल्टी. सहा खुर्च्या. सहा गुणिले ४.२ म्हणजे २५.२. शिवाय ओटीला (ऑपरेशन थिएटरला) दिवसा दोघी आणि ड्रेसिंग-इंजेक्शनला एक, आठवड्याला सहा दिवस. दिवसाच्या एका जागेला साधारण १.२ माणूस लागतो, म्हणजे या तिघींना ३.६. एकूण २८.८, म्हणजे २९ धरा. (सकाळच्या राउंडला एका वॉर्डाला एकच सिस्टर पुरत नाही, हे मला माहीत आहे. इन्चार्ज सिस्टर स्वतः हात लावते असं धरलंय. हे किमान गणित आहे, चांगल्या सेवेचं नाही.)

आज तुमच्या हातात आहेत १९ कायम आणि ६ कंत्राटी, म्हणजे २५. म्हणजे आजच चार कमी आहेत. त्या चार जणींचं काम कोण करतंय? ते १४० पेंडिंग ऑफ करताहेत. १४० पाळ्या म्हणजे एका माणसाचं अर्ध्याहून जास्त वर्ष. ते तुम्ही तुमच्या सिस्टरांकडून उसनं घेतलंय, आणि त्याची नोंद कुठल्याही बजेटात नाही. एप्रिलमध्ये २१ उरतील आणि कमतरता आठवर जाईल.

हे आठ आपण खाली आणू. पण आणताना कुठे काय सोडतोय ते उघड सांगून.

पहिली गोष्ट प्रतिनियुक्तीची, कारण तिला एक पैसाही लागत नाही. तुमच्या दोन सिस्टर पगार तुमच्या आस्थापनेवर घेतात आणि काम दुसरीकडे करतात. कागदावर त्या तुमच्याकडे भरलेली पदं आहेत, म्हणून वरच्या कचेरीला तुमची रिक्त पदं दोनने कमी दिसतात. त्यांच्या आदेशाची मुदत तपासा. माझ्या नोकरीत मी असे आदेश पाहिलेत की मूळ मुदत संपून दोन वर्षं झाली, मुदतवाढीचा कागद नाही, आणि बाई तिकडेच. असं असेल तर प्रतिनियुक्ती संपुष्टात आणण्याचं पत्र तुमच्या साहेबांच्याच सहीने जाऊ शकतं. थोडी बोंब होईल, होऊ द्या. यातून दोन माणसं परत येतात.

दुसरी गोष्ट अवघड आहे, आणि मला स्वतःला ती आवडत नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया आठवड्यातून सहाऐवजी तीन दिवसच ठेवा. हर्निया, हायड्रोसील, कुटुंब नियोजन यांसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार. सिझेरियन आणि तातडीचं काम यात येत नाही. यातून साधारण १.२ माणूस सुटतो. पण यात कोण थांबणार आहे तेही लिहा: हर्निया घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस थांबणार आहे, खाजगीत तो करू शकत नाही. कुटुंब नियोजनाचं टार्गेट मागे पडेल, आणि त्याबद्दल आढावा बैठकीत विचारणा होईल. म्हणून हा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही, साहेबांनी घ्यायचा. कसा, ते पुढे सांगते.

तिसरी: रात्री पुरुष आणि स्त्री वॉर्ड एका सिस्टरकडे, दोन्हीत मदतीला एकेक मावशी-मामा. इमारतीत ते दोन शेजारी असतील तरच. मध्ये जिना असेल तर हे करू नका, मी केलंय आणि पस्तावलेय. यातून वर्षाच्या ३६५ पाळ्या वाचतात, म्हणजे १.४ माणूस. लेबर रूम आणि एनबीएसयू मात्र कशातही मिसळायचे नाहीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव एकटीच्या हातात असताना पलीकडे वॉर्मरवरचं बाळ निळं पडलं, तर ती कुणाकडे पळेल? पीएनसीतल्या बायकांना "बऱ्या झालेल्या" समजून ती सिस्टर हलवायचा मोह होतो, तोही टाळा. रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या दिवसातच होतो, आणि तो पीएनसीच्या पांघरुणाखाली होतो.

आता पुन्हा बेरीज. लागतात: सहा खुर्च्यांचे २५.२ वजा १.४, म्हणजे २३.८, अधिक दिवसाचे २.४, एकूण २६.२. आहेत: २१ अधिक प्रतिनियुक्तीच्या २, म्हणजे २३. कमी पडतात ३.

आठाचे तीन झाले. आणि तिघींचं मानधन, तुम्ही मागच्या बाजूला लिहिलेल्या महिना वीस हजारांच्या हिशेबाने, वर्षाला ७ लाख २० हजार रुपये. रजेवरची सिस्टर परत आली की दोघींचंच पाहावं लागेल, ४ लाख ८० हजार. "स्टाफ कमी आहे" याऐवजी "चारपैकी तीन पदं ठेवा, ७ लाख २० हजार, नाहीतर खालीलपैकी कोणती सेवा बंद करायची ते कळवा" असं तुम्ही लिहिलंत, तर समोरच्या माणसाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

आणि हे पैसे कुठल्या खिशातून येतात तेही समजून घ्या, कारण "बजेट नाही" हे वाक्य प्रत्येक खिशाबद्दल वेगळ्या अर्थाने खरं असतं. कायम सिस्टरांचा पगार राज्याच्या वेतनाच्या शीर्षाखाली निघतो. एनएचएमची पदं केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशा पैशातून, आणि ती पीआयपीत (एनएचएमच्या वार्षिक मागणीच्या आराखड्यात) मागितली आणि मंजूर झाली तरच. जिल्ह्याच्या मागणीत तुमच्या रुग्णालयाची ओळच नसेल तर दिल्लीला दोष देऊन उपयोग नाही. तेव्हा जिल्ह्याच्या एनएचएम कक्षात जाऊन आधी विचारा: आपली चार पदं मागितली होती का? तोंडी निरोपावर विश्वास ठेवू नका. तुमची १४ पदं रिक्त आहेत, त्यांच्या पगाराचं काय होतं हेही प्रशासकीय अधिकाऱ्यांना विचारा. आठ महिन्यांनी खर्चाचा अंदाज सुधारतात, त्या आठमाही सुधारित अंदाजात ती रक्कम मुकाट्याने कमी होते. वर्षानुवर्षं रिक्त राहिलेलं पद कुणाला तरी बचत वाटतं. तो पैसा तुम्हाला वळवता येणार नाही, ते नियमात बसत नाही. पण सरकारचा किती खर्च तुमच्या सिस्टरांनी जागरणं करून वाचवलाय, हा आकडा त्या एका पानावर असायला हवा. पद रिक्त असणं फुकट नसतं, हे सांगायला दुसरी चांगली जागा नाही.

परदेशात हे मोजून झालंय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये, एका सिस्टरकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथे तुलना चार पेशंट आणि आठ पेशंट यांची होती. आपण तीस आणि चाळीसची करतो, तेव्हा ते गणित आपल्याकडे जसंच्या तसं लावू नका. पण साहेब डॉक्टर आहेत, त्यांना अभ्यासाची भाषा पटते.

इंग्लंडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तीही सरकारी सेवा आणि तिथेही पैशाचीच ओढ. स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयात हिशेब जुळवण्यासाठी कर्मचारी कमी केले, पेशंटची आबाळ झाली, आणि २०१३ च्या चौकशी अहवालाने ते सगळं चव्हाट्यावर आणलं. पुढच्या वर्षी तिथल्या मार्गदर्शक सूचनांत 'लाल निशाणी' आली. वेदनेचं औषध अर्ध्या तासाहून उशिरा दिलं गेलं, औषधाचा डोस चुकला, तपासणीच्या नोंदी राहिल्या, वॉर्डात दोनपेक्षा कमी नोंदणीकृत परिचारिका होत्या, की त्या पाळीची लाल नोंद करायची आणि वर कळवायची. आपल्या परिस्थितीत त्यातली शेवटची निशाणी तुमच्याकडे रोज रात्री सहा वेळा लागेल, ती सोडून द्या. बाकीचं उचला. एक साधी दोनशे पानी वही. तारीख, पाळी, वॉर्ड, पेशंट किती, जमिनीवर किती, सिस्टर किती, आणि काय राहिलं: "रात्री २ चे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) झाले नाहीत", "अँटिबायोटिक ४५ मिनिटं उशिरा". सही ड्युटीवरच्या सिस्टरची. कुणाला दोष द्यायला ही वही नाही, आणि तुम्ही ती पहिल्याच आठवड्यात कुणाला झापायला वापरलीत तर तिच्यात पुढे एकही नोंद होणार नाही.

आता रोस्टरकडे. रोस्टरवर जे घडलं तेच असू द्या. जागा रिकामी आहे तिथे लाल शाईने "रिक्त" लिहा. रात्री दहाला कुणाला हलवलंत, तर त्याच वेळी दोन्ही वॉर्डांच्या ओव्हरबुकात वेळेसकट लिहायला लावा. २०२१ च्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, किमान अकरा रुग्ण दगावले, आणि नंतर ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. त्या प्रकरणातलं खरंखोटं कोर्टाचं काम. पण दुर्घटना झाली की ड्युटीवर कुणाचं नाव आहे हाच पहिला प्रश्न असतो, आणि ते नाव रोस्टरवर तुम्ही लिहिलेलं असतं. एवढं प्रत्येक सिस्टरच्या मनात त्या दिवसापासून आहे.

तुम्हाला 'नाही' म्हणता येतं का? तोंडी नाही. तोंडी नाही म्हटलंत तर तुम्ही असहकार करणाऱ्या ठरता. लेखी मात्र तुम्ही नाही म्हणायचंच नाही, विचारायचं. साधारण असं:

"विषय: दि. १ एप्रिलपासून उपलब्ध होणाऱ्या परिचर्या मनुष्यबळाबाबत, निर्णयार्थ. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, या रुग्णालयात सहा कक्ष अहोरात्र चालवण्यासाठी व दिवसाच्या सेवांसाठी किमान २९ अधिपरिचारिकांची आवश्यकता असून दि. १ एप्रिलपासून २१ उपलब्ध राहतील. सोबत जोडलेल्या गणनेनुसार (अ), (ब) व (क) उपाय केल्यास ३ पदांची कमतरता राहते. सदर ३ पदे उपलब्ध होईपर्यंत कोणती सेवा स्थगित अथवा मर्यादित ठेवावी, याबाबत लेखी आदेश व्हावेत. आदेश प्राप्त होईपर्यंत रोस्टरमध्ये सदर पाळ्या रिक्त दर्शवण्यात येत आहेत."

यात तक्रार नाही, रडगाणं नाही, कुणावर आरोप नाही. आवक लिपिकाकडे द्या, आवक क्रमांक तुमच्या प्रतीवर घ्या. साहेब म्हणतील, "सिस्टर, हे लेखी कशाला?" तेव्हा हसून म्हणा, "साहेब, सीएस ऑफिसला तुम्हालाच दाखवायला उपयोगी पडेल." आणि ते खरंच आहे. माझ्या अनुभवात निम्मे अधीक्षक असल्या कागदाची वाटच बघत असतात, फक्त तो स्वतः लिहायचा नसतो. उरलेल्या निम्म्यांसाठी आवक क्रमांक. मात्र हा कागद पत्रकाराला देऊ नका. सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत तुम्ही अडकाल आणि चर्चा पदांची राहणार नाही, तुमची होईल. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय ठेवायला सांगा. तिथे लोकप्रतिनिधी बसतात, ते योग्य मार्गाने ऐकतील. संघटनेशीही बोला. बाह्यस्रोत भरतीविरुद्ध २०२२ च्या मे महिन्यात परिचारिका रस्त्यावर आल्या तेव्हा संघटनेला कमी पडले ते असलेच रुग्णालयवार आकडे, असं मला आजही वाटतं.

आता थोडं कडू बोलते. रागवा, पण वाचा.

कंत्राटी मुलींच्या चौदा नाईट बजेटमुळे आल्या नाहीत. त्या तुमच्या पेन्सिलीतून आल्यात. सहा खुर्च्यांच्या महिन्याला १८० रात्री. नाईट माफ असलेल्या पाच सोडल्या तर वीस जणी उरतात. प्रत्येकीला नऊ. सहा कंत्राटींनी चौदा केल्या म्हणजे ८४ झाल्या, उरलेल्या ९६ चौदा कायम सिस्टरांत वाटल्या, प्रत्येकी सात. दुप्पट काम कुणाला? जिच्या हातात वीस हजार पडतात तिला. शेजारी उभ्या असलेल्या कायम सिस्टरचं नुसतं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. तुम्ही हे वाईट मनाने केलं नसणार. जी भांडत नाही तिच्या नावापुढे पेन्सिल आपोआप थांबते, माझीही थांबायची. पण त्या मुलींतली एखादी खाजगीत गेली, किंवा मुंबईच्या महापालिकेत लागली, की तुमची कमतरता तीनवरून चारवर जाते, आणि त्या पदाला पुन्हा जाहिरात निघून माणूस यायला किती महिने लागतात ते तुम्हाला माहीत आहे. रात्रींचा तक्ता वेगळा करा आणि बोर्डावर लावा: नाव, या महिन्यात किती, वर्षात किती. कायम-कंत्राटी असा रकाना नको. आठवडाभर कुजबुज होईल, मग तक्ताच तुमच्या वतीने बोलेल.

नाईट माफ असलेल्या पाच जणींना शत्रू समजू नका. पंचावन्नाव्या वर्षी गुडघे आणि बीपी घेऊन बारा तासांची रात्र काढणं काय असतं ते मी काढून पाहिलंय. पण माफी रात्रीची आहे, रविवारची नाही. दिवसाच्या जागा, म्हणजे ओटी आणि ड्रेसिंग, पूर्णपणे त्यांच्याकडे द्या. रविवार आणि सणांच्या सकाळच्या पाळ्या त्यांच्याकडे जास्त द्या, म्हणजे तरुण मुलींना दिवाळीला घरी जाता येईल. वैद्यकीय प्रमाणपत्र जुनं असेल तर सगळ्या पाचही जणींचं एकाच दिवशी वैद्यकीय मंडळाकडून तपासून घ्यायला साहेबांना सांगा, एकीचंच नको. आणि पुढाऱ्याच्या फोनबद्दल: "साहेब, तक्ता बोर्डावर आहे, तुम्हीच बघून सांगा कुणाच्या रात्री वाढवू." दोनदा असं म्हटलंत की फोन कमी होतात. बंद होत नाहीत.

आणखी एक, जे बजेटशिवाय होतं. आठवडाभर एका वॉर्डात फळ्यावर खुणा करायला लावा: सिस्टर वॉर्ड सोडून कितीदा गेली आणि कशाला. आम्ही केलं तेव्हा एका सकाळी एकच सिस्टर अकरा वेळा बाहेर गेली होती. लॅबचा रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचं इन्डेंट (मागणीपत्र), ऑक्सिजनची चावी, केसपेपरवर राहिलेली सही, पुन्हा लॅब. एका मामाला फक्त ने-आण करायला तीन वॉर्डांत मिळून ठेवलं आणि इन्डेंट आठवड्यातून दोनच वार केलं, तेव्हा ती अकराची तीन झाली. संगणकावरच्या नोंदी सिस्टरने रात्री दोनला भरायच्या, ही पद्धतही मोडा. त्या नोंदी डेटा एन्ट्री ऑपरेटरने दिवसा भराव्यात. उलट दिशेला मात्र जाऊ नका. "मावशी अनुभवी आहेत, सलाईन बदलतील" असं कुणी सुचवेल. त्या बदलतीलही. पण चुकलं तर मावशी जेलात जाईल, आणि सुचवणारा नाही. नर्सिंग स्कूलच्या विद्यार्थिनी येत असतील तर त्यांनाही मोजायचं नाही. त्या शिकायला येतात.

तुमच्या सोमवारचं सांगते. सकाळी राउंड झाला की एनएचएम कक्षाला फोन, पीआयपीतल्या ओळीसाठी. दुपारी प्रतिनियुक्तीचे दोन आदेश आस्थापना लिपिकाकडून काढून घ्या. पत्र मंगळवारी आवकला. आणि गुरुवारच्या नाईटला त्या बाळाच्या आईचं नाव लिहिलेलं असणारच, ते आत्ताच खोडा. तिच्या जागी कायम सिस्टरांपैकी जिच्या या महिन्यात सर्वांत कमी रात्री झाल्यात तिला लावा. ती भांडायला आली तर बोर्डाजवळ घेऊन जा.

तुमच्या स्वतःच्या अर्जित रजेचा अर्जही त्याच मंगळवारच्या टपालात घाला. दिवाळीपासून एकही रजा नाही म्हणालात. पाच दिवसांची मागा. चार्ज कुणाकडे द्यायचा हा प्रश्न साहेबांना पडेल, पडू द्या.

तुमची,
एक निवृत्त अधिसेविका